साहेब जहाजात कुठं जेवतात?

बी-बियाण्याच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. पेरणीचे दोन महिने सोडले तर कृषी केंद्रात माणूस काउंटरमागे बसून करणार काय? देऊळगाव राजाला माझ्या दुकानात दोन-चार डीलर जमले, की पहिला चहा पावसावर होतो, दुसरा कापसावर आणि तिसऱ्या चहाला विषय हमखास जहाजावर येतो. कोणत्या जहाजातलं जेवण चांगलं, यावर आमच्यात जेवढी भांडणं झाली तेवढी कोणत्याही वाणावरून झाली नाहीत.

जहाज म्हणजे क्रूझ. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात साध्या नावेत बसलेली माणसंही मोजकीच. पण बीटी कापूस आला आणि टार्गेट पूर्ण करणाऱ्या डीलरला कंपन्या परदेश दाखवू लागल्या. आमच्या कंपनीला समुद्राचीच हौस. तीनदा नेलं आणि तिन्ही वेळा जहाजातच बसवलं. परत येऊन "तिकडं खायलाच काही मिळत नाही" म्हणणाऱ्यांचा मला मनस्वी राग येतो. मी तिन्ही जहाजांत पोटभर जेवलो आहे आणि तिथल्या स्वयंपाक्यांना मनापासून मानतो.

त्यात तिसरी खेप वेगळी. त्या साली कापूस डोक्याएवढा वाढला आणि बोंडं धरायच्या वेळी पात्या, म्हणजे फुलाआधीच्या कळ्या, गळून गेल्या. सोनाळ्याचे यूसुफभाई हे आमच्यातले सगळ्यात जुने डीलर. त्यांच्या शब्दावर निम्म्या गावानं तेच बियाणं लावलं होतं. यूसुफभाईंनी कंपनीला फोन केले, पत्रं लिहिली. मागणं एकच, भरपाईचं नंतर बोलू, आधी कोणीतरी येऊन शेतं पाहा. कंपनीचे आमच्या विभागाचे मोठे साहेब फोन उचलत नव्हते. गावातली माणसं यूसुफभाईंना रस्त्यात रामराम करत, पण दुकानाची पायरी चढत नव्हती.

टार्गेट पेरणीच्या वेळीच पुरं झालेलं, त्यामुळे तिकिटं मात्र वेळेवर आली, आणि सहलीला मोठे साहेबही सोबत असणार होते. आम्हाला वाटलं, यूसुफभाई येणार नाहीत. ते म्हणाले, "येतो ना. जमिनीवर साहेब सापडून नाही राह्यले. जहाजातून पळून पळून जातीन कुठी?"

पण आधीच्या दोन जहाजांचं सांगितल्याशिवाय तिसऱ्याचा आवाका कळायचा नाही.

*

पहिलं जहाज साधं होतं. जेवायला एकच मोठा हॉल. वेळ ठरलेली, टेबल ठरलेलं, वेटरही ठरलेला. पहिल्याच संध्याकाळी वेटरांनी आमच्या चाळीस डीलरांपुढं सूप आणून ठेवलं.

आता आमच्याकडं पंगतीत शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत कोणी घास उचलत नाही. आम्ही हात मांडीवर ठेवून बसलो. आमचं वाढून झालं, पण हॉलमध्ये आणखी तीनेकशे माणसं होती. एवढी पंगत वाढून व्हायला वेळ लागणारच, म्हणून आम्ही थांबलो. सूप गार झालं. वेटर एकमेकांकडं बघायला लागले. शेवटी उंच पांढरी टोपी घातलेला मुख्य शेफ आतून घाईघाईनं आला आणि सूपमध्ये काय चुकलं म्हणून विचारू लागला.

आमच्यात इंग्रजी बोलणारे एकच, हिवरा आश्रमचे रामभाऊ. ते उभे राहिले आणि हॉलच्या पार टोकाकडं बोट दाखवून म्हणाले, "देअर, पीपल. नो सूप."

शेफनं वळून पाहिलं. त्याला काय समजलं देव जाणे, पण गार वाट्या उचलल्या गेल्या आणि गरम सूप आलं. दुसऱ्या दिवसापासून चाळीसच्या चाळीस वाट्या आमच्यापुढं एकदम येऊन पडायच्या आणि आम्ही पहिला चमचा तोंडात घालेपर्यंत तो शेफ दारात उभा राहायचा. हा माणूस मला फार आवडला.

*

त्याच जहाजावरचा आमचा वेटर. पहिल्या सकाळी त्यानं प्रत्येकाला चहा कसा हवा ते विचारलं आणि दुसऱ्या सकाळी चाळीस जणांना न विचारता चहा दिला. कोणाला बिनसाखरेचा, कोणाला दूध जास्त, कोणाला नुसता काळा. एकही चुकला नाही. रामभाऊंवर याचा भलताच परिणाम झाला. "धंदा असा असते," ते म्हणाले, "गिऱ्हाइकाची आवड आपल्याले पाठ पाहिजे."

घरी परतल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्या दुकानात दगडूबा नावाचे जुने शेतकरी आले. रामभाऊ हात जोडून म्हणाले, "या दगडूबा. तुमचा चहा बिनसाखरेचा, नाही का?"

दगडूबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं. "असन बुवा," ते म्हणाले. "वीस वर्सात तुमी पाजला नाही, त मले तरी काय माहीत?"

*

दुसऱ्या जहाजात बुफे होता, आणि तो इतका लांब की शेवटच्या टोकाला पोचेपर्यंत ताटात सुरुवातीला काय घेतलं ते पाहावं लागे. पहिल्या जहाजात वाढणारा आपल्याला ओळखायचा, इथं आपलं आपण घ्यायचं. मला पहिली पद्धत बरी वाटते, रामभाऊंना दुसरी. कारण उघड आहे, बुफेत किती वेळा उठलात हे कोणी पाहत नाही.

पण मधेच एकादशी आली. रामभाऊंची एकादशी कधी चुकत नाही. ते सरळ काउंटरवरच्या फिलिपिनो स्वयंपाक्याकडं गेले आणि सांगितलं, "टुडे नो राइस, नो व्हीट, नो अनियन." त्यानं गंभीर होऊन सगळं लिहून घेतलं. जेवणानं कोणाला त्रास होऊ नये याची जहाजवाले फार काळजी घेतात. पाच मिनिटांत जहाजाचा डॉक्टर आला. डॉक्टर होता भारतीयच, केरळचा, पण एकादशीचा आणि त्याचा काही संबंध नसावा.

त्यानं विचारलं, हा त्रास कधीपासून आहे? रामभाऊ म्हणाले, लहानपणापासून.

घरात आणखी कोणाला? आईला होता. त्याआधी आजोबांना.

किती दिवसांनी होतो? दर पंधरा दिवसांनी.

डॉक्टर लिहीत होता. त्यानं विचारलं, किती वेळ टिकतो? रामभाऊ म्हणाले, "वन डे. नेक्स्ट मॉर्निंग, फिनिश."

हे सगळं होईपर्यंत त्या स्वयंपाक्यानं आत जाऊन खिरीसाठी ठेवलेला साबुदाणा शोधून काढला होता. रामभाऊंनी काउंटरच्या अलीकडून हातवारे करत सांगितलं तसं त्यानं शेंगदाण्याचं कूट, बटाटा आणि मिरची घालून खिचडी केली. मी चाखली. दाणा दाण्याला चिकटला नव्हता. दुसऱ्या दिवशी नाश्त्याला डॉक्टर मुद्दाम आमच्या टेबलापाशी आला, रामभाऊंच्या ताटात चार पुऱ्या पाहिल्या आणि समाधानानं निघून गेला.

*

तिसऱ्या जहाजात चढलो आणि यूसुफभाईंचा चेहरा उतरला. ते जहाज कसलं, तालुक्याचं गाव होतं. जेवायला अकरा ठिकाणं! पिझ्झ्याचं वेगळं, चिनी शेवयांचं वेगळं, इटलीवाल्याचं वेगळं, पोहण्याच्या तलावाशेजारी आइस्क्रीमचं, आणि खोलीत बसून फोन केला तर खोलीतही ताट यायचं. पहिल्या जहाजात साहेब एका मिनिटात सापडले असते.

डीलरांसाठी वेगळा हॉल ठेवला होता. तिथं पहिल्या जेवणाला साहेब आले, बोलायला गोड माणूस. माईक घेऊन म्हणाले, "तुम्ही आमचे पाहुणे आहात. कोणाला काही कमी पडलं तर थेट माझ्याकडं या." टाळ्या झाल्या. यूसुफभाई उठून पुढं पोचेपर्यंत साहेब मागच्या दारानं गेले होते. त्यानंतर आमच्या हॉलमध्ये ते जेवायला फिरकलेच नाहीत.

यूसुफभाईंनी अकराही ठिकाणांची नावं कागदावर उतरवून घेतली. साहेब कुठंतरी जेवणारच. पण एक अडचण होती. यूसुफभाई हाडाचे दुकानदार. दुकानात शिरून काही न घेता बाहेर पडलं तर समोरच्याचा अपमान होतो, असं त्यांचं ठाम मत. त्यामुळे नुसतं डोकावून परत येणं त्यांना जमेना. प्रत्येक ठिकाणी ते बसायचे, हलाल आहे का विचारायचे, नसलं तर भाजी किंवा मासा घ्यायचे आणि खाऊन आमच्याकडं यायचे. दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक काउंटरवर त्यांच्यासाठी आपणहून वेगळं ताट काढून ठेवलेलं असायचं. याला म्हणतात व्यवस्था.

"पिझ्झ्याच्या ठिकानी साहेब नाहीत," ते येऊन सांगायचे. "पिझ्झा मातर बढिया हाये."

"शेवयावाल्याकडं बी नाहीत. पन काय हात हाये त्याचा, देखतच राहावं."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते पोटावर हात ठेवून आले आणि खुर्चीत बसले. रामभाऊ म्हणाले, "यूसुफभाई, तुमी साहेबाले हुडकून राह्यले का हॉटेलं पास करून राह्यले?"

सगळे हसले. मीही हसलो. यूसुफभाई हसले नाहीत.

"रामभाऊ," ते म्हणाले, "गावात आता मले कोनी शिव्या बी देत नाही. शिव्या देल्या असत्या त बरं वाटलं असतं. चूपचाप बाजूनं निघून जातात. साहेबाले हो म्हनवल्याबिगर मी कोन्त्या तोंडानं सोनाळ्यात उतरू?"

मला माझ्या हसण्याची लाज वाटली. त्याच दुपारी आम्ही चाळीस जणांनी अकरा ठिकाणं वाटून घेतली. जेवणाच्या वेळी प्रत्येक ठिकाणी तीन-चार डीलर ताट घेऊन पहारा द्यायचे. माझ्याकडं आइस्क्रीम आलं. आज त्या जहाजात कुठं काय चांगलं मिळतं हे आम्ही एवढ्या ठामपणे सांगतो, ते या पहाऱ्याच्या जोरावर. साहेब मात्र दिसले नाहीत. खोलीत ताट मागवून जेवत होते, असं आम्हाला मागाहून कळलं.

*

शेवटची सकाळ. खोलीत सगळं मिळायचं, पण समोर उभं राहून हवं तसं ऑम्लेट करून घ्यायचं तर वरच्या मजल्यावरच यावं लागे. माणूस कितीही मोठा असो, खोलीत आलेलं गार ऑम्लेट तो किती दिवस खाणार? साहेब टोपी आणि हाफ पँट घालून रांगेत उभे होते. मी त्यांना पाहिलं आणि यूसुफभाईंना पुढं जाऊ दिलं.

यूसुफभाईंनी घाई केली नाही. साहेबांची अंडी फुटेपर्यंत थांबले. ऑम्लेट तव्यावर असताना कोणी जागा सोडत नाही.

"सलाम साहेब. तुमी म्हनले होते, कमी पडलं त सांगा."

साहेब दचकले, पण सावरून हसले. "बोला ना यूसुफभाई. काय कमी पडलं?"

"कापूस."

ऑम्लेटवाल्यानं ऑम्लेट पालटलं. साहेब त्याच्याकडंच पाहत होते. मग हळूच म्हणाले, "अहो, इथं खाण्याच्या ठिकाणी कशाला हा विषय?"

"इथं नकोच साहेब. सोनाळ्याले या, तिथं बोलू. मी भांडत नाही. निसता दिवस सांगा."

साहेबांनी मागं पाहिलं. रांग बरीच वाढली होती. रांगेत सगळे आमचेच डीलर, हातात रिकामी ताटं धरून उभे. ऑम्लेट ताटात पडलं तेव्हा साहेबांनी पुढच्या आठवड्यातला मंगळवार सांगितला. यूसुफभाईंनी त्यांचे आभार मानले आणि स्वतःसाठी दोन अंड्यांचं ऑम्लेट सांगितलं.

*

मंगळवारी साहेब खरंच आले. मी आणि रामभाऊही सोनाळ्याला गेलो होतो, कारण आम्हाला धास्ती होती. आजूबाजूच्या गावांत कंपन्यांच्या माणसांना कोंडून ठेवल्याच्या बातम्या यायच्या. साहेब यूसुफभाईंच्या शब्दावर आलेले. त्यांच्या अंगावर कोणी हात टाकला असता, तर यूसुफभाईंना दुकानच काय, गावही सोडावं लागलं असतं.

सगळ्यात वाईट हाल किसनबुवांच्या कापसाचे होते. सत्तरीचे गृहस्थ, डोक्याला पांढरा रुमाल. बांधावर पन्नास-साठ माणसं उभी होती. एकानंही रामराम घातला नाही. साहेबांचा चेहरा पांढरा पडला होता. जीपमधून उतरताच ते म्हणाले, "चला, आधी शेत पाहू. मला लवकर परतायचं आहे."

किसनबुवांनी आंब्याखाली अंथरलेल्या पोत्याकडं हात केला. "आधी जेवा."

गोवऱ्यांच्या आरावर कणकेचे जाड रोडगे भाजून तयार होते. यूसुफभाईंनी स्वतः रोडगा फोडला, त्यावर तुपाची धार धरली, शेजारी वांग्याची भाजी वाढली. दुसरं कोणीच जेवायला बसलं नाही. साठ माणसं उभी आणि मधे साहेब एकटे जेवताहेत. पहिले दोन घास त्यांनी मान वळवून वळवून खाल्ले. मग पूर्ण रोडगा संपवला. यूसुफभाईंनी दुसरा वाढला, तोही संपवला.

किसनबुवांनी त्यांच्या हातावर पाणी घातलं. साहेब हात पुसायचे विसरले. त्यांनी विचारलं, "बुवा, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"राग त भल्ला हाये साहेब," किसनबुवा म्हणाले आणि बांध ओलांडायला त्यांनी साहेबांचा ओला हात धरला. "चला आता वावरात. उपाशी मानसाले आमी आमचं नुसकान दाखवत नाही."