चार माणसं, मय मास्तर

वीरभद्र मास्तर गेल्याची बातमी माझ्याकडे दोन तुकड्यांत आली. सकाळी बेंबळीहून त्यांच्या मुलीचा, गौरीचा, फोन आला की मास्तर पहाटे गेले, माती दुपारी आहे. मी निघायच्या तयारीत असताना पुन्हा फोन वाजला. "काका, घाई करू नका. माती संध्याकाळी होईल. खड्ड्याला पाषाण लागलाय." लिंगायतांत माणसाला बसवून पुरतात, त्यामुळं खड्डा खोल लागतो, आणि आमच्या भागात हातभर माती उकरली की खाली काळा दगड. मी फोन ठेवला आणि, सांगायला संकोच वाटतो, पण हसलो. ज्या दगडाबद्दल मास्तर जन्मभर बोलत आले, तोच आता त्यांना दुपारभर ताटकळत ठेवणार होता. मास्तरांना त्याचा राग आला नसता. त्यांनी खणणाऱ्यांना थांबवून त्या दगडाची कुळकथा सांगितली असती आणि माती दुसऱ्या दिवसावर गेली असती...

आमची ओळख निजामी अमलातली. धाराशिवच्या सरकारी शाळेत ते भूगोल शिकवत आणि मी मराठी. मराठी हा विषय वेळापत्रकात होता, एवढंच त्याच्याबद्दल म्हणता येईल. मास्तर नळदुर्गाकडचे. घरात कानडी, बाजारात मराठी आणि वर्गात उर्दू, अशा तीन भाषांत त्यांचा दिवस जाई. पण मोजायचं झालं की ते मनातल्या मनात कानडीतच मोजत. ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ओठ हलताना दिसत. शाळेच्या समारंभात निजाम हुजुरांच्या पदव्या वाचून होईपर्यंत पहिल्या रांगेतलं एखादं पोर उन्हानं खाली बसायचं, आणि मास्तर माझ्या कानाशी लागून म्हणायचे, "आज तेरा झाल्या. गेल्या साली बारा हुत्या. नवी कुठली हो ही?"

त्यांच्या पाठ्यपुस्तकात ज्वालामुखीचं एक चित्र होतं. उलट्या नरसाळ्यासारखा डोंगर, वरून धूर. मुलांना वाटे, ही परमुलखातली गोष्ट. मास्तर पुस्तक मिटून खिडकीबाहेर बोट दाखवत : हे सगळं तेच आहे. इथं शेंड्यातून धूर निघाला नाही, जमीन फाटली आणि दगडाचा रस पसरला. एकावर एक थर, पोळ्यांच्या चळतीसारखे. "मग मास्तर, ज्वालामुखी बघायचा कसा?" असं एकानं विचारलं, तेव्हा ते म्हणाले, "तीच तर अडचण हाय. आपण आत हाओत. भाईर हुभं ऱ्हाऊन बघायला जागाच न्हाय."

देश स्वतंत्र झाला आणि आम्ही झालो नाही, त्या वर्षी या वाक्याला निराळा अर्थ आला. सरहद्दीवर नाके बसले. गावात हत्यारबंद टोळ्या फिरू लागल्या. त्यांचं नाव घेण्याची गरज नाही. आमच्या पिढीत नुसतं 'ते' म्हटलं की पुरे होतं. मास्तरांची बायको बाळंतपणासाठी माहेरी, बार्शीला, गेली होती. बार्शी म्हणजे पलीकडचं राज्य. ती गेली तेव्हा वाट उघडी होती. मागून बंद झाली. दोनदा मास्तर नाक्यावरून परत पाठवले गेले. त्या उन्हाळ्यात ते शाळा सुटली तरी घरी जात नसत. व्हरांड्यात बसून राहत, कारण घरी गेलं की चार भिंती आणि एक रिकामा पाळणा. माणसं हळू बोलायला शिकली होती, मग न बोलायला शिकली. संध्याकाळी दारं लागत आणि प्रत्येक घर आपापल्या श्वासावर कान देऊन बसे.

अशात मास्तरांनी एक दिवस सांगितलं की ते सहल काढणार आहेत. ज्वालामुखी दाखवायला. मोजकी माणसं, सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत परत. पश्चिमेला बालाघाटाचा कडा तुटतो, तिथं थर उघडे दिसतात. मी त्यांच्याकडे बघत राहिलो. कड्याखाली सरहद्द होती आणि तिच्यापलीकडे बार्शीचं रान. ते माझी नजर चुकवून म्हणाले, "थर लई चांगले दिसतात तिथनं." त्या आठवड्यात त्यांनी गणू शिंप्याकडून बाळासाठी एक कुंची शिवून घेतली होती, हे मला माहीत होतं.

परवानगीसाठी आम्ही पोलिसांच्या अमीनसाहेबांकडं गेलो. हे गृहस्थ बसल्या जागी सुद्धा परेडला उभे असल्यासारखे दिसत. मास्तरांनी उर्दूत विनंती केली की काही मंडळींना आतिशफशाँ, म्हणजे ज्वालामुखी, दाखवायचा आहे. अमीनसाहेबांची भुवई वर गेली.

"इस जिले में आतिशफशाँ? किसकी इजाजत से?"

"साहेब, बुझा हुआ है."

"कब से?"

मास्तरांनी क्षणभर विचार केला. "हुजूर सरकार के आने के पहले से."

"फिर ठीक है," अमीनसाहेब म्हणाले. राज्याचा कारभार आमच्यासमोर निर्धास्त झाला. पण माणूस मूर्ख नव्हता. मास्तरांची बायको कुठं आहे हे त्यांना ठाऊक असणार. त्यांनी मास्तरांच्या शेजारच्या हकीमसाहेबांना जामीन राहायला सांगितलं, दस्तगीर नावाचा एक जवान सोबत दिला आणि त्याला तोंडी हुकूम सोडला : "चार आदमी, मय मास्तर. जितने जाएँगे उतने आएँगे. समझे?" दस्तगीर म्हणाला, "जी." आमच्याकडं सरकारी बोलण्यात 'मय' पदोपदी असे. बैलजोडी मय गाडी, घर मय परसू. मय म्हणजे सह. ते धरून की शिवाय, हे कुणी विचारत नसे.

निघालो पाच जण. निघताना कुणी मोजलं नाही. मास्तर, मी, जामीन राहिलेले म्हातारे हकीमसाहेब, गणू शिंपी आणि कचेरीतले निवृत्त पेशकार नारायणराव. पेशकार शेरवानी, टोपी आणि छत्री असा दरबारी सरंजाम करून आले होते. त्यांच्या हातातल्या पिशवीत खण-नारळ होता. ज्वालामुखी ही देवी आहे अशी त्यांच्या घरातून समजूत झाली होती. वाटेत मास्तरांनी खुलासा केल्यावर ते म्हणाले, "असू द्या. कडक दैवत दिसतंय, मोकळ्या हातानं कशाला जा." गणू गाडीच्या मागच्या टोकाला बसून आल्या वाटेकडं बघत होता. त्यानं कुणासाठी तरी तिरंगे शिवले होते आणि कुणीतरी ते सांगितलं होतं. आदल्या आठवड्यात त्याच्या दुकानाच्या फळीवर चुन्यानं फुली मारलेली होती. त्या फुलीचा अर्थ सगळ्या पेठेला समजला होता, आणि पेठेनं त्याच्या दुकानापुढून जाणं सोडलं होतं.

कडा आला. मास्तरांनी शिकवलं. खरोखर शिकवलं, हे मी मुद्दाम लिहितो, कारण पुढं लोक म्हणत की सहल हे नुसतं निमित्त होतं. तो तांबडा पट्टा दिसतो ना, तो दोन थरांमधला मुक्काम. पहिला रस निवला, त्यावर माती साचली, झाडं आली असतील, आणि वरून पुन्हा आग. माती भाजून विटेसारखी झाली. पेशकारांनी त्या पट्ट्यावर नारळ फोडला. आम्ही खोबरं खाल्लं. दस्तगीर सावलीला बसला होता. खाली ऊन तापलेलं रान पसरलं होतं आणि त्यात दूरवर आगगाडीच्या धुराची रेघ, खेळण्यातल्यासारखी. मास्तर तिच्याकडं बघत होते. पायवाट त्यांच्या पायापासूनच खाली उतरत होती.

हकीमसाहेब त्यांच्याजवळ जाऊन हळूच म्हणाले, "मास्तर, जाना है तो जाओ. मैं बुड्ढा आदमी, मेरा क्या बिगाडेंगे."

मास्तरांनी पायवाटेवरची नजर काढली. मग त्यांनी हकीमसाहेबांच्या खांद्यावरचा खोबऱ्याचा कीस झटकला आणि दस्तगीरकडं वळले. आवाज वर्गातला.

"दस्तगीर, साहेब काय म्हणाले हुते?"

"चार आदमी, मय मास्तर."

"मय म्हंजे काय? मास्तरला धरून का सोडून?"

दस्तगीर विचारात पडला. "मय म्हंजे... धरूनच की."

"मग मोजा."

त्यानं बोट नाचवत मोजलं. पुन्हा मोजलं. त्याच्या कपाळावर घाम आला. "या अल्ला! मास्तर, एक माणूस जास्ती आलाय की!"

"मग वो?"

"मग काय, साहेब मला सोलतंय! हुकूम चारचा. ह्यो पाचवा मी कुठनं आणला म्हणून सांगू? कोन हाय त्यो जास्तीचा?"

त्या कड्यावर आम्ही पाच माणसं एकमेकांकडं बघत उभे राहिलो. दस्तगीरला आता एकच चिंता होती, एक माणूस कमी कसा करायचा. पेशकार छत्री आपटून म्हणाले, "मी नव्हे! मी सरकारी पेन्शनर आहे!" मास्तर शांतपणे म्हणाले, "मास्तर तर जास्तीचा हूच शकत न्हाय. साहेबांनी त्याचंच नाव घेतलंय." हे म्हणताना त्यांनी खाली बघितलं नाही. आपल्याच तोंडानं त्यांनी आपली वाट बंद केली, आणि ती करताना व्याकरणात चूक केली नाही.

मग गणू पुढं आला. "म्या हाय जास्तीचा," तो म्हणाला.

दस्तगीरचा जीव भांड्यात पडला. "तर मग जा की बाबा! इथं कशाला हुभा ऱ्हायलास? चल, फुट!"

मास्तरांनी आपल्या पिशवीतून कुंची काढली. घडी घातलेली होती. ती त्यांनी गणूच्या हातात दिली. गणूनं ती ओळखली, धोतराच्या सोग्यात बांधली. "म्याच शिवली, म्याच पोचवतो. काय सांगू वैनीला?"

"सांग... थर लई चांगले दिसले म्हणून."

तो उतरत गेला. तांबड्या पट्ट्याच्या खाली गेल्यावर दिसेनासा झाला. आम्ही परतलो. नाक्यावर अमीनसाहेब स्वतः उभे होते. त्यांनी आधी मास्तरांचा चेहरा शोधला, तो दिसताच त्यांचा ताण उतरला, मग सावकाश माणसं मोजली. "चार, मय मास्तर. बराबर." दस्तगीरनं असा सलाम ठोकला की टोपी पडली.

त्यानंतरचे महिने मी मास्तरांना पाहिलं आहे. ते वर्गात शिकवत, व्हरांड्यात बसत, आणि अंधार पडला की त्या पाळण्याच्या घरात जाऊन आतून कडी लावत. मुलगी झाल्याचं त्यांना तिसऱ्याच माणसाकडून कळलं. सप्टेंबरात फौजा आल्या, राज्य संपलं, अमीनसाहेब एका सकाळी दिसेनासे झाले. मास्तर त्याच दिवशी बार्शीला गेले. गणूनं तिथं दुकान टाकलं होतं आणि कुंची पहिल्याच दिवशी पोचवली होती. पण मास्तरांनी गौरीला पाहिलं तेव्हा ती कुंची तिच्या डोक्याला लहान झाली होती. ते एवढंच म्हणाले, "गणूनं माप तान्ह्याचं घेतलं हुतं. चूक त्याची न्हाय."

मी अनेकदा विचारलं, त्या दिवशी तुम्ही जायचं ठरवलं होतं ना? गणूचं आधी मनात होतं का? दर वेळी उत्तर एकच. "मी फकस्त व्याकरण इचारलं." मात्र 'चार, मय मास्तर' त्यांच्या घराची खूणच झाली. पानं मांडताना, मोटारीची तिकिटं काढताना, तुळजापुरास दर्शनाला निघताना, ते कानडीत ओठ हलवून मोजत आणि शेवटी म्हणत, "मय मास्तर." घरात कुणी संख्या सांगितली की उलट विचारणं ठरलेलं : मय मास्तर, का सोडून?

परवा बेंबळीला गेलो होतो. गौरीचे यजमान, मास्तरांचे दोन जुने विद्यार्थी आणि मी, ओसरीवर बसलो होतो. गौरीनं स्वयंपाकघरातून विचारलं, "चहाला किती जण?"

मी म्हणालो, "चार."

"मय मास्तर?"

सवयीनं आलं ते. मग आत भांड्याचा आवाज थांबला.  बऱ्याच वेळानं ती ताटली घेऊन बाहेर आली. पाच कप होते. आम्ही चौघांनी आपापले घेतले. पाचवा ताटलीत वाफाळत राहिला, आणि थोड्या वेळानं मीच तो उचलला. मास्तरांना चहा निवलेला चालत नसे.