खालांच्या ओट्यावरून शाळेत

"आज कोन नाही दिसून राहिलं?"

गादीत सुई तशीच खोवून, चष्म्यावरून रस्त्याकडे बघत खाला विचारायच्या. शाळेत निघालेली पोरं त्यांच्या ओट्यापाशी थांबायची, एकमेकांकडे बघायची, आणि मग कोणीतरी एखादं नाव सांगायचं.

दर्यापूरजवळच्या त्या गावात मी शिक्षक होतो आणि खाला, म्हणजे सगळ्या गावाच्या मावशी, शाळेच्या वाटेवर गाद्या भरायच्या. पिंजलेला कापूस तिथे हवेत तरंगत असे. त्यांच्या भुवयांवर, ओढणीवर, समोरच्या कडुनिंबावरही बसे. हिवाळ्याच्या सकाळी धुकं कुठे संपलं आणि कापूस कुठे सुरू झाला, ते कळत नसे. तुम्ही त्या वाटेने गेला असता, तर तुमचीही चाल आपोआप मंदावली असती.

नाव कळलं की दुपारी खाला त्या घरी जायच्या. रागावायच्या नाहीत. पाणी मागायच्या, टेकायच्या आणि पोराची तब्येत विचारायच्या. पोरगं बहुतेक वेळा धडधाकट समोरच उभं असायचं.

कापूस वेचणीच्या दिवसांत माझा वर्ग अर्धा रिकामा होई. एका वर्षी चौथीतली कांचन यायची बंद झाली. आई वेचायला जायची, आणि तान्ह्या भावाला सांभाळायला घरी दुसरं कोणी नव्हतं. मी जाऊन बोललो. आई शांतपणे म्हणाली, "चार दिवसांनं काय होते, गुरुजी?" मी शिक्षणाचं महत्त्व सांगितलं. तिने मान डोलावली. कांचन काही आली नाही.

मग खाला गेल्या. त्या काय बोलल्या, ते पुढे कांचनच्या आईनेच मला सांगितलं. खालाही लहानपणी शाळेत जायच्या. थंडीत रजयांचं काम वाढलं की वडील त्यांना घरी ठेवून घ्यायचे. एकदा बऱ्याच दिवसांनी त्या वर्गात गेल्या, तर फळ्यावरचं काहीच कळेना.

"कोनी हाकललं नाही मले," खाला म्हणाल्या होत्या. "मीच घरी आली. मंग कधी गेलीच नाही. तुह्या पोरीचं तसं होऊ देऊ नको. लेकरू माह्यापाशी ठेव."

दुसऱ्या दिवशी खालांच्या ओट्यावर झोळी बांधली गेली. एका हाताने ती हलवत त्या कापूस मोकळा करायच्या. कांचन सुरुवातीला मागे, खाली मान घालून बसली. भागाकार तिला सोडून पुढे निघून गेला होता. मधल्या सुट्टीत आम्ही दोघं त्याच्या मागे लागलो. पण ती रोज आली, आणि रोज येता येता तिची मान हळूहळू वर झाली.

कांचन सातवीत गेली त्या वर्षी खालांची नजर अधू झाली. अकोल्याहून मुलगा न्यायला आला. सकाळी जीप दारात उभी होती, तरी खाला उठेनात. मी भेटायला गेलो, तर म्हणाल्या, "आता निघाली तं पोरं वाटंतच थांबतीन. शाळा बुडन त्यायची. भरू द्या वर्ग, मंग जाईन."

वर्ग भरला. कोवळं ऊन बाकांवर पसरलं होतं. कांचन उभी राहून धडा वाचत होती. बाहेर जीपचा आवाज आला, शाळेपाशी जरा मंदावला. कांचन थांबली. सगळा वर्ग माझ्याकडे बघू लागला. मी काही बोलायच्या आत तिने ओळीवर बोट ठेवलं आणि ती पुढे वाचू लागली, रस्त्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.