गुरुवारी दिलेलं रक्त

"पीटीएलडी आहे. प्रत्यारोपणानंतर होणारा लिम्फोमा," डॉक्टर म्हणाले. माझे पती दिलीप शर्टाची बटणं लावता लावता थांबले. सात महिन्यांपूर्वी रक्ताच्या कर्करोगासाठी त्यांचं स्टेम सेल ट्रान्सप्लांट झालं होतं, म्हणजे भावाच्या मूळ रक्तपेशी त्यांच्या शरीरात रुजवल्या होत्या.

लिम्फोमा हा प्रतिकारशक्तीच्या पेशींचा कर्करोग. ईबीव्ही नावाचा विषाणू बहुतेकांच्या शरीरात निपचित असतो. प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबून ठेवतात, तेव्हा तो वाढून असा लिम्फोमा होऊ शकतो. म्हणून दर पंधरवड्याला रक्तात त्याचं प्रमाण मोजतात.

दिलीपचंही मोजलं होतं. संताप त्याचाच आहे.

प्रत्यारोपणाची ओपीडी मंगळवारी. आमच्या औद्योगिक पट्ट्यात सुट्टी गुरुवारी. दिलीप महाळुंग्याच्या कंपनीत बैठ्या कामावर परतले होते. मंगळवारची रजा मागितली, तर सुपरवायझर म्हणाले, "भाऊ, सहा महिने घरीच होता ना? रक्तच द्यायचंय, गुरुवारी द्या की."

रुग्णालयाच्या काउंटरलाही ते चाललं. "रिपोर्ट डॉक्टरांकडे जातो, ताई. काही असलं तर फोन करतील."

फोन आला नाही. महिन्याभरात मानेला गाठ आली, ओळखपत्राची पट्टी तिला घासू लागली. तेव्हा रजा न मागता मंगळवार गाठला. बायोप्सी झाली, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासला.

फाइलमध्ये दोन रिपोर्ट होते. पहिल्यात विषाणू वाढलेला, दुसऱ्यात त्याहून कितीतरी पट.

"हे कुणी पाहिले?" मी विचारलं.

"कुणीच नाही," डॉक्टर म्हणाले. "ओपीडीला न आलेल्यांचे रिपोर्ट थेट फाइलला लागतात. चूक आमची आहे."

"लिहून द्या."

त्यांनी लिहून दिलं.

प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं कमी केली. आठवड्याला एक, असे रिटुक्सिमॅबचे चार डोस सलाईनमधून दिले. हे औषध बिघडलेल्या पेशी हुडकून मारतं. पहिल्या डोसला दिलीप थंडीने थडथडत होते. तेवढ्यात सुपरवायझरांचा फोन आला, कधी येताय म्हणून. "साहेब," दिलीप म्हणाले, "कॅन्सरला विकली ऑफ नसतो."

शेवटच्या डोसनंतर पेट स्कॅन झाला. कर्करोग कुठे जिवंत आहे, ते त्यात दिसतं. कुठेच नव्हता.

तुमच्या घरात कुणाचं प्रत्यारोपण झालं असेल, तर प्रत्येक रिपोर्ट हातात घ्या आणि आकडा मागच्याशी ताडून पाहा. चूक कबूल करणाऱ्या त्या डॉक्टरांचे मी मनापासून आभार मानले. माफ मात्र केलेलं नाही.