तीन पितळी पेले

माकणीला आईकडे गेले की माझी नजर आधी भांड्यांच्या मांडणीकडे जाते. तिथं तीन पितळी पेले एकावर एक तोलून ठेवलेले असतात. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आईनं ही सवय लावून घेतली. जमीन हलली की पेले पडून वाजतील आणि आपण बाहेर पळू.

मी बारा वर्षांची असताना एका दुपारी ते खणखणले. मी तापानं फणफणले होते. भाकरी थापणाऱ्या आईनं मला गोधडीसकट उचललं आणि थेट अंगणात आणलं. तिच्या हाताचं ओलं पीठ माझ्या गालाला लागलं. मागून मांजर सावकाश बाहेर आलं.

"अगं, घोडी झालीया ती! कडेवर काय घेतीस?" शेजारच्या काकू हसल्या. लाजेनं मी दोन दिवस आईशी बोलले नाही.

आता माझी मुलगी बारा वर्षांची आहे. एकदा तिला उचलून पाहिलं, दोन पावलंही टाकता आली नाहीत.

न्यूझीलंडला निघाले तेव्हा आईनं एवढंच विचारलं होतं, "तिथली जमीन हालती का गं?"

"न्हाय," मी म्हणाले. खोटं होतं. पुढं दर खेपेला तिनं तेच विचारलं आणि मी तेच सांगितलं.

या वेळी तिनं विचारलं नाही. माझी बॅग भरताना तिन्ही पेले साडीत गुंडाळून आत ठेवले.

"हे कशाला गं?"

"तुझ्याकडं काचंचे असतील. काच फुटली की पायात घुसती, पळायला येत न्हाय."