आमचं होम थिएटर आईंनी निवडलं

शनिवारी दुपारी वाशीमच्या मार्केटमध्ये, एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात, आम्ही नवरा-बायको भांडत होतो... आवाज दबका होता, पण भांडणच ते.

विषय होम थिएटर. नवीन घरात हॉल मोठा मिळाला तेव्हापासून संतोषच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, डोक्यात तेच बसलं होतं. त्याला हवे होते कमरेएवढे उंच टॉवर स्पीकर आणि खिडक्यांच्या काचा हलवणारा वूफर. मला हवा होता सुबकसा साउंडबार... टीव्हीखाली ठेवला की झालं. वायरींचं जाळं नको, की रोज पुसायला आणखी डबे नकोत.

सोबत माझ्या सासूबाई होत्या. त्या काही खरेदीला आल्या नव्हत्या, आम्ही त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडून घेऊन परत निघालो होतो. काचबिंदूनं त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. उजेड-अंधार कळतो, समोर माणूस आलं तर सावली हलल्यासारखं वाटतं... बस्स. जे गेलं ते आता परत येणार नाही, हे डॉक्टरांनी त्या दिवशी स्पष्टच सांगितलं होतं. वाटेत त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या.

खरं तर संतोषनं मुद्दामच गाडी दुकानाकडे वळवली होती. घरी जाऊन तिघांनी गप्प बसण्यापेक्षा हे बरं, असा त्याचा हिशोब. आईंना डेमोच्या खोलीत सोफ्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आम्ही आपल्या वादाला लागलो.

दुकानदार शांत स्वभावाचे. त्यांनी आधी संतोषची सिस्टिम लावली, मग माझा साउंडबार. मग आमची तोंडं बघून म्हणाले, “ह्या दोन्हीच्या मधली एक दाखवतो... पाच छोटे स्पीकर आणि एक वूफर.” आणि त्यांनी जंगलाचा एक व्हिडिओ लावला.

पक्षी ओरडला. आईंनी मान उजवीकडे वळवली. मला वाटलं दचकल्या. मग एक हेलिकॉप्टर मागून डोक्यावरून पुढे गेलं... आणि आईंचा चेहरा त्याच्याबरोबर फिरत गेला. अगदी आकाशात काहीतरी जाताना आपण बघतो ना, तसा.

“अव रेश्मा,” त्या म्हणाल्या, “हे इमान मांगून आलं ना?”

मी म्हटलं, “हो आई, हेलिकॉप्टर आहे ते.”

“अन् पानी इकडं पडून राह्यलं.” त्यांनी डावीकडे हात केला. तिथे भिंत होती. पण स्क्रीनवर खरंच डाव्या बाजूला धबधबा होता.

संतोष माझ्याकडे बघत राहिला. आमचं भांडण तिथेच संपलं... कारण पुढचा अर्धा तास आईंनीच दुकान ताब्यात घेतलं. “भाऊ, मानसं बोलून राह्यले असं काही लावा बरं.” दुकानदारांनी एका कौटुंबिक सिनेमातला प्रसंग लावला. आईंनी तिन्ही सिस्टिमवर तोच पुन्हा पुन्हा ऐकला.

संतोषच्या टॉवरचा निकाल पहिला लागला. “ह्यानं तं छातीतच धडधडते. कोन काय बोललं, आयकूच येत नाही.” मी खूश व्हायच्या आतच माझ्या साउंडबारवर आल्या. “ह्याच्यात समदे एकाच जागी उभे राह्यल्यावानी वाट्टे.”

तिसऱ्यावर मात्र त्या हसल्या. “आता कसं... सून तिकडं चुलीपाशी हाये, सासू इकडं दारात. अन् भांडता भांडता सून जोळ आली पहा!”

दुकानदार दिलखुलास हसले. म्हणाले, “मावशी, लोक इथं फक्त आवाज किती मोठा होतो ते विचारतात.” त्यांनी न कंटाळता इतक्या वेळा सगळं बदलून लावलं, त्यांचे खरंच मनापासून आभार.

रविवारी स्पीकर बसवायला माणूस आला. त्यानं विचारलं, “घरात मेन बसायची जागा कोणती? त्या हिशोबानं आवाज सेट करतो.” संतोष आतल्या खोलीत गेला आणि आईंची वेताची खुर्ची उचलून हॉलच्या बरोबर मध्यात आणून ठेवली. नजर गेल्यापासून टीव्ही लागला की त्या आतच बसायच्या...

संध्याकाळी क्रिकेटची मॅच लावली, तर आईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. “मांगं एवढे लोकं कोन आले व?” स्टेडियममधली गर्दी होती ती. आम्ही दोघं हसून हसून लोळलो. कळल्यावर त्याही हसल्या, आणि मग प्रत्येक चौकाराला मागे वळून त्या गर्दीलाच म्हणायच्या, “चूप बसा रे जरासे!”

जेवणं झाल्यावर एक जुना सिनेमा लावला. भांडी तशीच टाकून मीही बसले. एका प्रसंगात सगळं शांत होतं, आणि आई एकदम ओरडल्या, “आला तो! दरवाज्यामांगं हाये!” आम्हाला पडद्यावर काहीच दिसत नव्हतं. दोन क्षणांनी दार उघडलं... खलनायक आत. आमच्या कानांवर पावलं पडली असणार, पण ऐकली फक्त त्यांनी.

तेवढ्यात मानोऱ्याहून माझ्या नणंदेचा फोन आला. आईची तब्येत कशी आहे, डॉक्टर काय म्हणाले... काळजीनं केलेला फोन. मी आईंच्या कानाला लावून दिला.

आईंनी तिचं बोलणं पुरतं होऊही दिलं नाही.

“मंग कर व फोन. मी पिच्चर पाहून राह्यली.”

संतोषनं रिमोट घेऊन आवाज थोडा वाढवला.