राहून गेलेलं नाव

वडिलांना माती दिल्यावर तासाभराने माझा धाकटा भाऊ दानियल दफनभूमीत पोचला. चार लोकांसमोर मी म्हणाले, "आजपासून तू माझा भाऊ न्हाईस." त्यानंतर तीन वर्षं अबोला. जालन्याच्या शाळेत मी मुलांकडून क्षमेची वचनं घोकून घेत होते, आणि आमच्या चर्चच्या मंडळीत येईल त्या पाहुण्या पाळकाला माझी बाजू पटवत होते. सगळे म्हणायचे, प्रार्थना करा. ती तर मी करतच होते, देवाने दानियलला अक्कल द्यावी म्हणून! मनाला मात्र शांती नव्हती.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. वाटूर फाट्यावर माझी एसटी चुकली. लिंबाखाली बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईंनी सरकून जागा दिली. या सगुणामावशी. उभं आयुष्य बायबलबाई म्हणून खेडोपाडी बायकांना शुभवर्तमान वाचून दाखवलेल्या. माझ्या पिशवीतलं बायबल पाहून म्हणाल्या, "बाई, घरच्यांची नावं सांगा. गाडी येईस्तोवर प्रार्थना करू."

मी आईपासून नणंदांपर्यंत सगळी नावं सांगितली. मावशींनी डोळे मिटले नाहीत.

"अजून कोन राह्यलं?"

"कुणी नाही."

"मंग थांबू की. जल्दी काय हाय?"

त्या सगळ्यांनाच असं विचारत असतील. पण दानियलचं नाव ओठांवर आलं आणि मी भर फाट्यावर ढसाढसा रडले. चूक कुणाची, हे त्यांनी विचारलंच नाही. "ह्याचं नाव रोज घ्या," म्हणाल्या. "पुढं काय करायचं ते देवाला सांगू नका. त्याला बराबर ठाऊक हाय."

मग मी दर महिन्याला वाटूरला त्यांच्याकडे जाऊ लागले. ज्वारी निवडता निवडता आम्ही वचन वाचायचो. भावाकडे जा, असं त्या कधीच म्हणाल्या नाहीत. माझं गाऱ्हाणं सुरू झालं की म्हणायच्या, "हे मला न्हाई, प्रभूला सांगा." कधी कधी मला त्यांचा रागही यायचा. पण वर्षभर नुसतं नाव घेता घेता एक दिवस मनात आलं, त्याला उशीर का झाला हे आपण कधी विचारलंच नाही.

दुसऱ्याच रविवारी परतूरला त्याच्या दारात उभी राहिले. घोकून आणलेलं सगळं विसरले. "दानियल, माझं चुकलं," एवढंच बोलता आलं. मी परत फिरणार, एवढ्यात त्याने आत वळून बायकोला हाक मारली, "अगं, ताई आल्या. भाकरी टाक."

मावशी आता प्रभूजवळ आहेत. देवाला शहाणपण शिकवायचं मी त्यांच्यामुळे सोडलं. भावाशी समेट माझ्या बळावर करायला गेले असते, तर त्या दारापर्यंत पोचलेच नसते.