खिडकीखालून मारलेली हाक

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत आमच्या गावात त्या आजाराचं नाव कुणी घेत नसे. आईला राहुरीच्या कोविड सेंटरमध्ये हलवलं, तेव्हा वडिलांनी गल्लीत सांगितलं, "लेकीकडं गेलीय." ती लेक, म्हणजे मी, त्यांच्या शेजारीच उभी होते. ऐकणाऱ्यांनी मान डोलावली आणि सगळे दोन पावलं मागं सरकले.

आईचा मोबाईल आदल्या दिवसापासून बंद होता. सेंटरचा फोन कुणी उचलेना. आई धड आहे ना, एवढंच वडिलांना डोळ्यांनी बघायचं होतं. त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता. शेवटी मी त्यांना स्कूटीवर मागं बसवलं आणि निघाले.

सेंटर म्हणजे एक जुनं वसतिगृह. आत कुणाला सोडत नसत. नातेवाईक गेटबाहेरून हाका मारत आणि पेशंट वरच्या खिडकीत येत. मी "आई!" म्हणून ओरडले, तर खिडक्या बायकांनी भरून गेल्या. आमची त्यात नव्हती. मग वडिलांनी मास्क खाली ओढून "अगं ए!" केलं. एका बाईनं वरून "काय वो?" म्हणून ओ दिली आणि परका माणूस बघून पदर सावरत आत गेली.

वॉचमन वैतागला. "बाबा, नाव घ्या की. हितं समद्याच अगं हायेत."

"बायकूचं नाव असं रस्त्यावर घ्यायचं व्हय?"

लग्नात उखाण्यात घेतलं असेल, तेवढंच. मी तरी त्यांच्या तोंडून ते कधी ऐकलं नव्हतं. मला त्यांचा संताप आला. आई आत कशी आहे ठाऊक नाही, आणि हे लाजतायत! "मीच मारते हाक," मी म्हणाले.

"थांब. मी हाय ना."

ते आईचं नाव घेऊन ओरडले. खिडकीत कुणीच आलं नाही. त्यांनी गेटचा गज घट्ट धरला आणि पुन्हा ओरडले. या वेळी आवाज फाटला.

आई आली. चेहरा उतरलेला, पण स्वतःच्या पायावर उभी. "हळू! लोकं ऐकत्यात," ती म्हणाली.

वडिलांनी टोपीनं डोळे पुसले. "जेवलीस का?" एवढंच विचारलं.

आई बरी होऊन घरी आल्यावर मी तिला छेडलं, "इतक्या हाका मारल्या, ऐकू आल्या नाहीत?"

"आई न् अगं तर समदेच वरडत्यात. मी पडूनच हुते. नाव ऐकलं तशी उठून खिडकीपाशी आले."

"मग लगेच दिसली का नाहीस?"

"भिंतीला टेकून उभी ऱ्हायले," आई भाकरी थापत म्हणाली. "म्हणलं, अजून एकदा घेत्यात का बघू."